सिलिकॉननंतरची संगणक चिप : नवे पदार्थ आणि जुन्या अडचणी

बीजसंज्ञा : अर्धवाहक, ट्रांझिस्टर, मूरचा नियम, कार्बन नॅनोनलिका, द्विमितीय पदार्थ, ऊर्जा-अंतर

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आला की त्याच्या वाट्याला येणाऱ्या पहिल्या काही प्रयोगांत डायोडचा दाब-धारा आलेख काढण्याचा प्रयोग हमखास असतो. काचेच्या इवल्याशा नळीतील जर्मेनियमचा डायोड सुमारे ०.३ व्होल्टला वाहू लागतो, तर काळ्या आवरणातील सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.७ व्होल्टला. विद्यार्थी दोन्ही आलेख काढतो, वहीवर सही घेतो आणि पुढील प्रयोगाकडे वळतो. मागील वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने वही पुढे करताना विचारले की, जर्मेनियम कमी दाबावर चालत असेल तर वीजही कमी लागेल. मग संगणकाच्या चिप जर्मेनियमच्या का करत नाहीत? प्रश्न साधा होता, परंतु त्याचे समाधानकारक उत्तर देण्यास मला दोन तासिका लागल्या. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच विस्तार होय.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ शैक्षणिक नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगभरातील माहिती केंद्रांनी २०२४ या एका वर्षात सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा साधारण दीड टक्का असून २०३० पर्यंत तो आकडा दुपटीहून अधिक होईल असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एकेक चिप आज घरातील इस्त्रीइतकी, म्हणजे एक हजार वॅटच्या घरात वीज घेते. तेव्हा ‘सिलिकॉनच्या पुढे काय ?’ हा प्रश्न विजेचा, पैशाचा आणि पर्यायाने आपल्या विद्यार्थ्यांनी कोणते शास्त्र शिकावे याचाही प्रश्न आहे. वर्तमानपत्रांतून अधूनमधून ‘सिलिकॉनचे युग संपले’ अशा आशयाचे मथळे झळकतात. ते वाचून विद्यार्थी उत्साहित होतात. परंतु त्या मथळ्यांमागील भौतिकी कोणी समजावून सांगत नाही. ती सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

सिलिकॉन सिंहासनावर कसे आले ?

अर्धवाहकांचा इतिहास सिलिकॉनपासून सुरू होत नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी टिपण्यासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला आणि त्यासाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहक साधनासाठी दिले गेलेले हे जगातील पहिले पेटंट मानले जाते. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रांझिस्टर चालवून दाखवला, तोही जर्मेनियमचा होता. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पहिले एकात्मिक मंडल बनवले. आश्चर्य म्हणजे तेही जर्मेनियमच्याच तुकड्यावर होते !

जर्मेनियम या शर्यतीत पुढे असताना मागे का पडले ? त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण तापमानाचे. अर्धवाहकातील इलेक्ट्रॉनला बद्ध स्थितीतून मुक्त स्थितीत जाण्यासाठी जी किमान ऊर्जा लागते तिला ऊर्जा-अंतर म्हणतात. जर्मेनियममध्ये हे अंतर सुमारे ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून सिलिकॉनमध्ये १.१२ आहे. अंतर लहान असल्याने थोडी उष्णता वाढताच जर्मेनियममधील इलेक्ट्रॉन आपोआप मुक्त होतात आणि बंद असलेल्या ट्रांझिस्टरमधूनही धारा गळू लागते. १९५४ मध्ये सिलिकॉनचे ट्रांझिस्टर तयार झाले तेव्हा त्यांचे स्वागत प्रामुख्याने या गुणामुळे, विशेषतः लष्करी उपकरणांसाठी झाले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली तेथेच आहे. सिलिकॉन तापवून त्यावरून ऑक्सिजन किंवा वाफ सोडली असता त्याच्या पृष्ठभागावर सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे शुद्ध काचेचा, अत्यंत एकसारखा थर तयार होतो. हा थर उत्तम विद्युतरोधक असतो, पाण्यात विरघळत नाही, खालच्या स्फटिकाला घट्ट चिकटून राहतो आणि दोहोंच्या सीमेवर फारसे दोष राहत नाहीत. उलट जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्याने धुतला जातो. १९५९-६० या काळात बेल प्रयोगशाळेतील मोहम्मद अतल्ला आणि दावन कांग यांनी याच काचेच्या थराचा उपयोग करून धातू-ऑक्साइड-अर्धवाहक रचनेचा ट्रांझिस्टर बनवला. फेअरचाइल्ड कंपनीत जाँ होर्नी यांनी ऑक्साइडच्या थराखाली मंडल सुरक्षित ठेवण्याची सपाट पद्धत शोधली आणि रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये तिच्या आधारे सिलिकॉनच्या एकात्मिक मंडलाची कल्पना मांडली. आजची प्रत्येक चिप या पद्धतीची वंशज आहे. थोडक्यात, सिलिकॉन हा काही सर्वांत वेगवान अर्धवाहक नव्हे. त्याला लाभलेला ऑक्साइड मात्र अद्वितीय आहे. विवाहात वधूपेक्षा तिचे माहेर पाहिले जाते म्हणतात, तसाच काहीसा हा प्रकार होय.

मूरचे भाकीत आणि डेनार्डचा हिशेब

१९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला व एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत राहील असे भाकीत केले. १९७५ मध्ये त्यांनीच हा अवधी दोन वर्षांचा केला. हा निसर्गाचा नियम नव्हे, उद्योगाने स्वतःपुढे ठेवलेले वेळापत्रक आहे. तरीही ते अर्धशतक पाळले गेले. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरवर २,३०० ट्रांझिस्टर होते. २०२४ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या ब्लॅकवेल या दोन तुकडे जोडून बनवलेल्या चिपवर ते २०,८०० कोटी आहेत.

मूर यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, रॉबर्ट डेनार्ड यांचे फारसे नसते. वस्तुतः सामान्य वापरकर्त्याला जाणवलेला वेग डेनार्ड यांच्या हिशेबातून आला. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्रांझिस्टरची लांबी, रुंदी आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात कमी केल्यास तो अधिक वेगाने चालतो आणि तरीही चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधील उष्णता वाढत नाही. याचा परिणाम असा झाला की १९९३ चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्‌झवर चालत असताना २००४ च्या अखेरीस पेंटियम-४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला. अकरा वर्षांत ही वाढ साठपटींहून अधिक होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत मात्र हा आकडा दुप्पटही झालेला नाही. इंटेलने मे २००४ मध्ये आपला पुढील अतिवेगवान प्रोसेसर रद्दच केला आणि एका चिपवर दोन, चार, आठ गाभे बसवण्याचा मार्ग धरला.

हे का घडले ? ट्रांझिस्टर हा एक नळ आहे असे समजू. गेट ही त्याची तोटी, तर सोर्स आणि ड्रेन ही दोन टोके. तोटी बंद केल्यावर प्रवाह थांबला पाहिजे. परंतु इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत चळवळत असतात आणि त्यांतील काही ऊर्जावान इलेक्ट्रॉन बंद तोटीवरूनही पलीकडे जातात. सामान्य तापमानाला ही गळती दहापट कमी करायची तर गेटवरील दाब किमान ६० मिलिव्होल्टने बदलावा लागतो. हा आकडा तापमान आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांवरून ठरतो. कोणताही कारखाना नेहमीच्या रचनेत तो बदलू शकत नाही. धारा एक लक्षपट कमी करायची म्हणजे पाच वेळा दहापट, म्हणजे ३०० मिलिव्होल्ट लागणार. प्रत्यक्षातील ट्रांझिस्टर याहून वाईट असतो व चालू स्थितीत पुरेशी धाराही हवी असते; म्हणून दाब पाऊण व्होल्टच्या फारसा खाली नेता येत नाही. दाब कमी होईना आणि ट्रांझिस्टर मात्र दाटीने वाढत राहिले, तेव्हा डेनार्ड यांचा हिशेब कोलमडला.

दुसरी गळती गेटखालील काचेच्या थरातून होऊ लागली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा थर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या जाडीवर आला. पुंजयांत्रिकीनुसार एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन भिंत न ओलांडताच पलीकडे प्रकट होऊ शकतो. ज्या ऑक्साइडने सिलिकॉनला सिंहासनावर बसवले तोच येथे अपुरा पडला.

डागडुजीची पंचवीस वर्षे

येथे सिलिकॉन संपले असते तर लेखही येथेच संपला असता. परंतु अभियंत्यांनी जी डागडुजी केली ती थक्क करणारी आहे. २००३ मध्ये इंटेलने ट्रांझिस्टरच्या दोन्ही टोकांना जर्मेनियम मिसळलेले सिलिकॉन भरून मधल्या स्फटिकाला दाबले, कारण योग्य प्रकारे ताणलेल्या वा दाबलेल्या जालकातून विद्युतभार अधिक सहज धावतात. म्हणजे बाजूला सारलेले जर्मेनियम मागील दाराने घरात परतले ! २००७ मध्ये काचेऐवजी हाफ्नियमयुक्त ऑक्साइडचा थर आला. त्याची विद्युतपारकता अधिक असल्याने तो जाड ठेवूनही गेटचा ताबा टिकतो. २०११ मध्ये सपाट ट्रांझिस्टरऐवजी माशाच्या परासारखा उभा पट्टा आणि त्याला तीन बाजूंनी वेढणारे गेट आले; ही कल्पना बर्कलीतील चेन्मिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली होती. २०२२ मध्ये सॅमसंगने गेटने चहूबाजूंनी वेढलेल्या पातळ सिलिकॉन पट्ट्यांचे उत्पादन सुरू केले, आणि २०२५ मध्ये तैवानची टीएसएमसी ही कंपनीही त्याच रचनेकडे वळली.

हे सारे कोरण्यासाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकमेव कंपनी अशी यंत्रे बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे पन्नास हजार या गतीने सोडून लेसरने फोडले जातात आणि त्या तप्त वायूतून हा प्रकाश मिळतो. तो भिंगातून जाऊ शकत नाही, हवेतही शोषला जातो. म्हणून सर्व काम निर्वात पोकळीत आरशांवर चालते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘३ नॅनोमीटर’ किंवा ‘२ नॅनोमीटर’ ही आता केवळ पिढ्यांची व्यापारी नावे आहेत. ३ नॅनोमीटर म्हणवणाऱ्या चिपमध्ये शेजारच्या दोन गेटांमधील अंतर ४५ ते ५० नॅनोमीटरच्या आसपास असते. सिलिकॉन स्फटिकाच्या एका घटककोशाची बाजू ०.५४३ नॅनोमीटर आहे. म्हणजे जागा अद्याप थोडी शिल्लक आहे, पण अणू मोजता येतील इतकीच. शिवाय सिलिकॉनचा पट्टा तीन-चार नॅनोमीटरपेक्षा पातळ केला की त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर आदळून इलेक्ट्रॉनांचा वेग झपाट्याने घटतो. नव्या पदार्थांची खरी गरज येथून सुरू होते.

एक जुना धडा : गॅलियम आर्सेनाइड

नव्या पदार्थांकडे जाण्यापूर्वी एका जुन्या दावेदाराची आठवण उपयुक्त ठरेल. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनांची गतिशीलता सिलिकॉनच्या सुमारे सहापट असते. हे पाहून महासंगणकांचे जनक मानले जाणारे सेमूर क्रे यांनी आपला क्रे-३ हा संगणक त्या पदार्थाच्या चिपवर उभारला. १९९३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात असा एक संगणक बसवण्यात आला. दुसरे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९९५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गॅलियम आर्सेनाइडला काचेसारखा चांगला ऑक्साइड नाही, त्यातील धनभार इलेक्ट्रॉनांच्या मानाने फारच मंद चालतात, चकत्या ठिसूळ आणि महाग असतात. आणि या अडचणी सुटेपर्यंत सिलिकॉन दोन पिढ्या पुढे निघून गेलेले असे. गॅलियम आर्सेनाइड हा भविष्यातील पदार्थ आहे व कायम भविष्यातीलच राहील, असा विनोद अर्धवाहक उद्योगात रूढ झाला. मात्र त्या पदार्थाचे काही वाया गेले नाही. भ्रमणध्वनीतील रेडिओ प्रवर्धक आणि लेसर यांत त्याने आपले स्थान मिळवले.

कार्बन नॅनोनलिका

सिलिकॉनचा वारस म्हणून ज्या पदार्थावर सर्वाधिक परिश्रम झाले तो म्हणजे कार्बन नॅनोनलिका. कार्बनच्या षट्‌कोनी जाळीची एक अणू जाडीची चटई गुंडाळून नळी केली तर जी रचना मिळेल ती ही होय. तिचा व्यास एक ते दोन नॅनोमीटर असतो. जपानमधील सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केल्यापासून त्यांकडे जगाचे लक्ष गेले आणि १९९८ मध्ये डेल्फ्ट विद्यापीठातील सीस डेकर यांच्या गटाने एका नळीचा ट्रांझिस्टर चालवून दाखवला. नळीचा पृष्ठभाग नैसर्गिकरीत्याच गुळगुळीत असतो, तिच्यात तुटके बंध नसतात आणि इलेक्ट्रॉन तीतून फारशी टक्कर न होता धावतात. कागदावर यापेक्षा आदर्श ट्रांझिस्टर सापडणे कठीण.

पण चटई कोणत्या कोनात गुंडाळली यावर सर्व काही अवलंबून आहे. एका कोनात नळी अर्धवाहक होते, दुसऱ्या कोनात धातूसारखी वागते. यदृच्छया वाढवलेल्या नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातुरूप निघतात. धातुरूप नळी म्हणजे कधीही बंद न होणारा नळ. प्रचंड चिपसाठी नळ्या ९९.९९९९९९ टक्के शुद्ध हव्यात, म्हणजे दहा कोटींत एकच धातुरूप नळी चालेल. प्रत्यक्षात व्यावहारिक खर्चात मिळणारी शुद्धता ९९.९९ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक होती. ही दहा हजारपटींची दरी रसायनशास्त्राने भरून निघेना.

ही दरी कशी ओलांडली गेली हे मला या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅक्स शुलाकर, सुभाषिश मित्रा, फिलिप वाँग आणि सहकाऱ्यांनी १७८ ट्रांझिस्टरांचा नॅनोनलिका-संगणक बनवला. त्यात सर्व अर्धवाहक नळ्या गेटने ‘बंद’ करून उरलेल्या धातुरूप नळ्यांतून जोराची धारा सोडली, तेव्हा त्या नळ्या जळून गेल्या. हा संगणक मोजणी आणि क्रमवारी ही दोन कामे आलटून पालटून करू शके. पुढे शुलाकर एमआयटीमध्ये गेले आणि २०१९ मध्ये त्यांच्या गटाने १४,००० हून अधिक नॅनोनलिका ट्रांझिस्टरांचा १६ बिटचा प्रोसेसर प्रसिद्ध केला. या वेळी नळ्या जाळण्याऐवजी त्यांनी प्रश्नच बदलला. धातुरूप नळीमुळे सर्व तार्किक द्वारे सारखी बिघडत नाहीत. द्वारांच्या काही जोड्या फार बिघडतात, तर काही जवळजवळ अबाधित राहतात. मग आराखडा करतानाच पहिल्या प्रकारच्या जोड्या टाळल्या तर ९९.९९ टक्के शुद्धताही पुरते ! पदार्थातील दोष गणिताने झाकला गेला. २०२० मध्ये असे ट्रांझिस्टर २०० मिलिमीटरच्या चकत्यांवर व्यावसायिक कारखान्यांतही बनवून दाखवण्यात आले.

या नळ्यांचा आणखी एक गुण कदाचित वेगापेक्षाही मोलाचा ठरेल. सिलिकॉनचा ट्रांझिस्टर बनवताना हजार अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान लागते. म्हणून तयार चिपवर सिलिकॉनचाच दुसरा मजला चढवता येत नाही, कारण खालच्या मजल्यावरील तांब्याच्या तारा चारशे अंशांच्या पुढे टिकत नाहीत. नॅनोनलिका मात्र आधीच बनवून द्रावणातून चकतीवर अंथरता येतात. तेव्हा त्यांचे भवितव्य सिलिकॉनच्या जागी नसून सिलिकॉनच्या डोक्यावर असावे, असे मला वाटते.

एका अणूच्या जाडीचे पदार्थ

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलून ग्राफीन हा एका अणूच्या जाडीचा थर मिळवला आणि २०१० मध्ये नोबेल पारितोषिक पटकावले. त्यानंतर काही वर्षे ग्राफीनचा जो गवगवा झाला तो चिपपुरता तरी अनाठायी होता. शुद्ध ग्राफीनला ऊर्जा-अंतरच नसते. त्यामुळे त्याचा नळ बंद होत नाही. २०२४ मध्ये जॉर्जिया टेकमधील वॉल्टर डी हीर यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनमध्ये ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर मिळवल्याचे प्रसिद्ध केले. जर्मेनियमच्या अंतराशी हा आकडा ताडून पाहावा, म्हणजे उत्साह योग्य पातळीवर राहील.

ग्राफीनने दाखवलेल्या वाटेवर त्याचे कमी प्रसिद्ध भाऊबंद पुढे गेले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे वंगणात वापरले जाणारे काळे खनिज. त्याचा एक थर सुमारे ०.६५ नॅनोमीटर जाडीचा असून त्याला १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा-अंतर आहे. २०११ मध्ये लोझान येथील अंद्रास किश यांच्या गटाने त्याचा एकथरी ट्रांझिस्टर बनवला. २०१६ मध्ये बर्कलीत अली जावे यांच्या गटाने त्यावर कार्बन नॅनोनलिकेचेच गेट ठेवून एक नॅनोमीटरचे गेट साधले. एप्रिल २०२५ मध्ये चीनमधील फुदान विद्यापीठाने या पदार्थाच्या ५,९०० ट्रांझिस्टरांचा ३२ बिटचा प्रोसेसर प्रसिद्ध केला आणि जूनमध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील सप्तर्षी दास यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइड या जोडीवर चालणारा, सिलिकॉनचा कणही नसलेला छोटा संगणक दाखवला. त्याचा वेग होता २५ किलोहर्ट्‌झ. १९७१ चा इंटेल ४००४ हा ७४० किलोहर्ट्‌झवर चालत होता ! यात उपहास नाही. सिलिकॉनने चोपन्न वर्षांपूर्वी जेथून आरंभ केला त्याच्याही थोडे मागे हे पदार्थ आज उभे आहेत, एवढेच.

त्यांची सर्वांत चिवट अडचण धातूच्या जोडाची आहे. पातळ थरात वीज चढवायची व उतरवायची तर धातू जोडावा लागतो, आणि त्या सांध्यावरच मोठा विद्युतरोध निर्माण होतो. एम. फिल.च्या प्रबंधासाठी झिंक ऑक्साइडचे पातळ थर तयार करताना माझे निम्मे वर्ष थर बनवण्यात नव्हे, तर त्यांवर चांदीच्या लुकणाचे जोड बसवण्यात गेले. सकाळचे मापन दुपारी जुळत नसे. म्हणून २०२१ मध्ये बिस्मथ हा मऊ धातू वापरून मॉलिब्डेनम डायसल्फाइडवरील हा रोध अत्यंत कमी करता आल्याचा निष्कर्ष वाचला, तेव्हा मला प्रोसेसरच्या बातमीपेक्षाही अधिक आनंद झाला होता.

जेथे सिलिकॉन खरोखरच हरले

गंमत अशी की, सिलिकॉनचा पराभव झाला आहे, पण तो गणन करणाऱ्या चिपमध्ये नव्हे. जास्त दाब आणि जास्त धारा हाताळणाऱ्या साधनांत सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा-अंतर असलेले गॅलियम नायट्राइड व ३.२६ चे सिलिकॉन कार्बाइड यांनी झपाट्याने जागा घेतली. भ्रमणध्वनीचे नवे लहान चार्जर आणि विद्युत मोटारींचे परिवर्तक ही त्याची उदाहरणे. ज्या गॅलियम नायट्राइडने निळा प्रकाश दिला आणि २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले, त्याचाच हा दुसरा अवतार होय.

पदार्थ की रचना ?

आतापर्यंतची चर्चा ट्रांझिस्टर कशाचा असावा याची झाली. परंतु आजच्या संगणकात बरीच ऊर्जा गणन करण्यात खर्च होत नाही. ती स्मृती आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ने-आण करण्यात जाते. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी नोंदवलेल्या रचनेचाच हा वारसा आहे. यावर उपाय म्हणजे स्मृतीतच गणन करणे. त्यासाठी लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये सिद्धांतरूपाने मांडलेला आणि एचपी प्रयोगशाळेने २००८ मध्ये प्रत्यक्षात दाखवलेला ‘मेमरिस्टर’, म्हणजे पूर्वी वाहिलेल्या धारेची आठवण ठेवणारा रोध, उपयोगी पडतो. २०२४ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरात १६,५०० हून अधिक स्थिर रोध-अवस्था मिळवल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. साध्या ट्रांझिस्टरच्या शून्य आणि एक या दोनच अवस्थांशी तुलना केल्यास या संख्येचा अर्थ कळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेतील गुणाकार-बेरजा अशा साधनात एका फटक्यात होऊ शकतात.

प्रकाशकणांनी माहिती वाहून नेण्याचे तंत्र माहिती केंद्रांत आधीच रुळले असून आता ते चिपच्या उंबरठ्यापर्यंत आले आहे. क्वांटम संगणकाविषयी एवढेच सांगतो की, तो सिलिकॉन चिपचा वारस नव्हे. मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे, रेणूंचे वर्तन अभ्यासणे अशा विशिष्ट प्रश्नांसाठी त्याचा उपयोग आहे. त्याच्यावर पत्रे टंकित करावीत अशी अपेक्षा कोणीही करत नाही, आणि त्याला चालवण्यासाठी शेजारी सिलिकॉनचेच संगणक लागतात.

आपण कोठे आहोत ?

मोहाली येथील अर्धवाहक संकुलात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले, १९८९ मधील आगीने ते उद्ध्वस्त केले आणि त्यातून सावरण्यात अनेक वर्षे गेली. आज तेथे १८० नॅनोमीटरचे तंत्र आहे आणि अग्निबाणांसाठीचा विक्रम ३२०१ हा ३२ बिटचा प्रोसेसर २०२५ मध्ये तेथूनच बाहेर पडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने धोलेरा येथील टाटा समूह आणि तैवानच्या पीएसएमसी यांच्या ९१,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्याचे तंत्र २८ नॅनोमीटरपर्यंतचे असणार आहे. यावर ‘जग २ नॅनोमीटरवर आणि आपण २८ वर’ अशी टीका होते. मला ती अन्यायकारक वाटते. मोटारी, मीटर, यंत्रे यांना लागणाऱ्या असंख्य चिप याच जाडसर तंत्राच्या असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे नव्या पदार्थांचे मजले चढवायचे तर खाली पाया सिलिकॉनचाच लागेल.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पवई येथील आयआयटीची नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा देशभरातील संशोधकांना उपकरणे वापरू देते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने सहा क्युबिटांचा अतिसंवाहक क्वांटम प्रोसेसर २०२४ मध्ये चाचणीअंती सिद्ध केला. आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयांना ही अंतरे फार मोठी वाटतात हे खरे. अभ्यासक्रमात एमओएस ट्रांझिस्टरला अजून एकच प्रकरण मिळते आणि गेट-ऑक्साइडच्या जागी हाफ्निया आला याचा उल्लेखही क्रमिक पुस्तकात नसतो. पातळ थरांचे रसायन, सांध्यांचा रोध, पृष्ठभागावरील दोष या गोष्टी मात्र आपल्या अनेक महाविद्यालयांतील शिक्षक वर्षानुवर्षे हाताळत आले आहेत. नव्या पदार्थांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडली आहे; तेथे काम करण्यास अब्जावधींचा कारखाना लागत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही डायोडच्या प्रयोगात थोडा बदल केला. जर्मेनियम आणि सिलिकॉन यांच्यासोबत बाजारात दोन-तीन रुपयांना मिळणारे लाल आणि निळे एलईडी दिले, आणि चारही आलेख एकाच कागदावर काढावयास सांगितले. लाल एलईडी १.८ व्होल्टच्या आसपास उजळतो; गॅलियम नायट्राइडचा निळा एलईडी तीन व्होल्टच्या जवळ येईपर्यंत काळोखातच राहतो. ०.३, ०.७, १.८ आणि ३ : एकाच आलेखकागदावर डावीकडून उजवीकडे चार पदार्थांची ऊर्जा-अंतरे क्रमाने उभी राहतात. यंदाच्या तुकडीतील एकाने निळा एलईडी तळहाताने झाकून गरम केला आणि दाब किंचित का घसरला, असे विचारले. पुढील तासिका त्या प्रश्नासाठी राखून ठेवली आहे.